माहीमचा बुधवार

मंडळी, गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कॉम्प्युटरसमोर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि सूनबाईंनी ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. असो. आता छान दिसतंय. इतकं छान, की व्हॉट्सॲपवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचता येतं, आणि आजचं लिखाण त्यातूनच निघालं आहे.

आमच्या सासरकडच्या मंडळींचा एक ग्रुप आहे. गेल्या आठवड्यात त्यावर आमच्या एका वहिनींनी (नाव लिहीत नाही, पण त्या हे वाचणार आहेत आणि वाचून फोनही करणार आहेत!) सकाळी साडेसातला एक व्हिडिओ टाकला. एका भिंतीला लागून देऊळ, दुसऱ्या बाजूला मशीद, मागे बासरी. आरती संपते आणि अजान सुरू होते. मला आवडला. मी अंगठा दाखवला. दुपारी जेवून जरा लवंडले, तर वहिनींचाच दुसरा व्हिडिओ. त्यात ‘त्यांची’ संख्या कशी वाढते आहे, आपण कसे झोपलो आहोत, आणि हे अकरा जणांना पाठवा. त्यालाही चार अंगठे आले होते. त्यातले दोन सकाळचेच.

वहिनींवर मी रागावले नाही. त्या मनानं फार चांगल्या आहेत, माझ्या ऑपरेशनच्या वेळी चार दिवस डबा त्यांच्याकडून आला. पण एकाच माणसाला सकाळी ते आणि दुपारी हे, दोन्ही पटतं कसं, हे दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. रात्री लक्षात आलं ते असं: दोन्ही चित्रंच आहेत. सकाळच्या चित्रातला मौलवी वहिनींच्या ओळखीचा नाही आणि दुपारच्या चित्रातली गर्दीही ओळखीची नाही. ज्याच्याशी आपली देवघेव नाही त्याच्याबद्दल सकाळी एक आणि दुपारी दुसरं मत असायला काहीच हरकत नसते.

मी हे अधिकारानं लिहिते आहे असं समजू नका. मीही तशीच होते. कशी, ते पुढे सांगते.

माझी सगळी नोकरी माहीमला गेली. १९७४ साली लागले, २००८ साली निवृत्त झाले. मराठी माध्यमाची शाळा, मराठी आणि इतिहास हे माझे विषय. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. राहायचे ठाण्याला, दादरला उतरून बस पकडायची किंवा वेळ असला तर चालायचं. लेडी जमशेटजी रोडनं उत्तरेकडे निघालं की आधी शितलादेवीचं देऊळ लागतं, पुढे थेट चालत गेलं की शेवटी, खाडीच्या अलीकडे, सेंट मायकल चर्च. आणि मधूनच डावीकडे समुद्राच्या बाजूला वळलं की मखदूम शाहबाबांचा दर्गा. सगळं मिळून माझ्यासारख्या बाईच्या चालीनं अर्ध्या तासाचं काम. रस्त्याला नाव एका पारशी बाईचं. माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी होडीनं ओलांडताना माणसं बुडत, सरकार पैसे देईना, तेव्हा लेडी आवाबाई जमशेटजींनी स्वतःच्या पैशातून पूल बांधवला. १८४५ साली तो झाला. इतिहासाच्या तासाला मी मुलांना विचारायचे, तुम्ही रोज कुणाच्या नावावरून चालत शाळेत येता? एकालाही सांगता यायचं नाही. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांना यायचं.

माहीमचा बुधवार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. सेंट मायकलमध्ये १९४८ च्या सप्टेंबरपासून दर बुधवारी नोव्हेना होते, म्हणजे मदर मेरीची प्रार्थना, सकाळपासून रात्रीपर्यंत, वेगवेगळ्या भाषांतून. नऊ बुधवार करायचा नवस असतो. बुधवारी स्टेशनपासून चर्चपर्यंत माणसांचा लोंढा, आणि त्यात कुंकू लावलेल्या बायका इतक्या, की नवख्या माणसाला वाटावं पुढे देऊळच आहे. फुटपाथवर मेणाच्या वस्तू विकायला असतात. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, जागा हवी असेल तर मेणाचं घर. आमच्या शाळेत एक बाई होत्या, घरी कडक सोवळंओवळं, डब्यात कांदासुद्धा नसायचा. त्यांनी मुलाच्या नोकरीसाठी नऊ बुधवार केले. मी विचारलं, घरी माहीत आहे का? म्हणाल्या, सासूबाईंनीच सांगितलंय.

आता कबूल करते, मेणाचं घर मीही एकदा घेतलं होतं. १९८६ साली. ठाण्याच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं होतो. पुढच्या वर्षी ब्लॉक मिळाला. तो मदर मेरीनं दिला की प्रॉव्हिडंट फंडाच्या कर्जानं, यावर आमच्या ह्यांचं आणि माझं कधी एकमत झालं नाही.

शितलादेवीचं वेगळंच. आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचे वण आहेत, नातवंडांना ते दाखवले की काय हे म्हणून विचारतात. देवीचा रोग म्हणजे तिचाच कोप मानायचे आणि उतारा म्हणून तिच्याकडेच जायचे. देशातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. मी नोकरीला लागले तेव्हा रोग शेवटच्या घटका मोजत होता, पण मंगळवारी बायका यायच्याच, आणि त्यात कोळणी होत्या तशा बुरखेवाल्याही एखाददुसऱ्या बाहेर उभ्या दिसायच्या, मूल दुसऱ्या कुणाच्या कडेवर देऊन आत पाठवलेलं. रोग काही नाव विचारून येत नव्हता. तो गेला, देवी राहिली. गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, तिच्या नावाचं मेट्रो स्टेशनसुद्धा सुरू झालं.

आणि दर्गा. मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले मोठे पंडित. १३७२ चा जन्म आणि १४३१ चा मृत्यू, म्हणजे आणखी पाचेक वर्षांनी सहाशे वर्षं होतील. कुराणावर त्यांनी भाष्य लिहिलं. पण लोकांना आठवते ती पाण्याची गोष्ट. रात्री आईनं पाणी मागितलं, मुलगा पाणी घेऊन आला तर आईचा डोळा लागलेला. उठवायचं कसं म्हणून तो पहाटेपर्यंत भांडं हातात धरून तसाच उभा राहिला. ही गोष्ट मी पाचवीला श्रावणबाळाच्या धड्याबरोबर सांगायचे. मुलांना श्रावणबाळापेक्षा ही जास्त आवडायची, कारण हिच्यात कुणी मरत नाही. डिसेंबरात तिथे दहा दिवसांची जत्रा भरते आणि पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. गणवेशातले अधिकारी, त्यात बहुतेक हिंदू, मिरवणुकीनं चादर घेऊन जातात. पाळणे, चकल्यांसारख्या जिलब्या, बांगड्या. आमच्या शाळेची हजेरी त्या दहा दिवसांत हमखास पडायची.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, बाई, हा तर तुमचाही सकाळचा व्हिडिओ झाला. खरं आहे. आता दुपार.

देवळं, मशिदी, चर्च शेजारी शेजारी आहेत म्हणून माणसं सलोख्यानं राहतात, हे मला पटत नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला पटू नयेच. ११ ऑगस्ट १८९३, शुक्रवार. मुंबईची जुम्मा मशीद आणि जवळच्याच गल्लीतलं मारुतीचं देऊळ. दोन्ही वर्षानुवर्षं शेजारी. त्या दिवशी नमाजानंतर निघालेला जमाव त्या देवळाकडे वळला आणि मुंबईतली पहिली मोठी हिंदू-मुसलमान दंगल पेटली. पाऊणशेच्या आसपास माणसं मेली. भांडण मुळात मुंबईचं नव्हतंच, तिकडे काठेवाडात प्रभासपाटणला झालेल्या दंगलीच्या बातम्या इथे आल्या होत्या. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, पण बातमीला पाय फुटायला ते लागतंच असं नाही. भिंतीला भिंत लागून असणं काही कामाला आलं नाही.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी मी स्वतः पाहिलं ते सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनासुद्धा अर्धंच माहीत होतं.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. कोकणी मुसलमान. माहीमला ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, घरात मराठीच्या जवळची कोकणी बोलतात. तिचं अक्षर असं की फळ्यावर सुविचार लिहायला मी तिलाच उठवायची. निबंध तर असा लिहायची की मी तो वर्गात वाचून दाखवायची. ‘माझे आजोळ’ या विषयावर सगळ्या मुलींनी आजी, आंबे आणि समुद्र लिहिला होता. हिनं लिहिलं होतं की आजोळी गेलं की पहिल्या रात्री झोप येत नाही, कारण तिथे लोकल गाडीचा आवाज नसतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये वह्या तपासायला घेतल्या होत्या, तिची वही माझ्याकडेच राहिली.

६ डिसेंबरला बाबरी पडली. डिसेंबरात एकदा आणि मग जानेवारीत मुंबई पेटली. सुमारे ९०० माणसं गेली, हे आपल्याला श्रीकृष्ण आयोगानं नंतर मोजून सांगितलं. शाळा बंद, गाड्या रिकाम्या, दादरच्या पुलावरून धूर दिसायचा. जानेवारीच्या अखेरीला शाळा उघडली. वर्गात तीन बाकं रिकामी होती. आठवड्याभरात दोन मुली आल्या. ही आली नाही.

टीचर्स रूममध्ये काय बोलणं चालायचं ते लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं आज नाहीत आणि बोलणाऱ्यांत सगळीच वाईट नव्हती. मी बोलत नव्हते, पण उठून बाहेरही जात नव्हते. ऐकत बसायचे आणि वह्या तपासायचे.

आमचे शिपाई मामा माहीमच्या कोळीवाड्यातले. एक दिवस मी त्यांना सहज म्हटलं, ती मुलगी येत नाही हो, तिची वही माझ्याकडे आहे. मामा म्हणाले, द्या, मी जाऊन येतो. मी म्हटलं, मामा, दर्ग्याच्या मागच्या गल्लीत जायचंय. ते म्हणाले, हो, ठाऊक आहे, आमची घरवाली वीस वर्षं त्याच गल्लीत मासळी घेऊन जाते, दोन घरांची उधारी अजून राहिली आहे. आणि गेले. डबा खायच्या सुट्टीत गेले आणि सहाव्या तासाला परत आले. वही पोचली होती. घरची माणसं सुखरूप होती, दुकान जळलं होतं. रविवारी सगळे मुंब्र्याला जाणार होते, कायमचे. मग मामा म्हणाले, पोरगी विचारत होती, बाई येतील का म्हणून.

मी म्हटलं, बघू.

शाळेपासून ते घर दहा मिनिटांवर होतं. तोवर रस्ता शांत झाला होता, नाक्यावर पोलिस बसलेले होते. ज्या बाईनं मेणाचं घर घेऊन चर्चच्या रांगेत दोन तास काढले होते, जी श्रावणबाळाच्या शेजारी मखदूम बाबांना बसवत होती, जी रोज सकाळी मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेत होती, तिला ती दहा मिनिटं चालता आली नाहीत. भीती वाटली का? थोडी वाटली. पण खरं कारण भीती नव्हतं. तिथे जाऊन बोलायचं काय, हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं मी त्या गल्लीच्या तोंडावरून येत-जात होते, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. ओळख नव्हती. आणि परत आल्यावर टीचर्स रूममध्ये कुणी विचारलं तर काय सांगायचं, हाही विचार मनात आला होता, तो लपवत नाही.

रविवार गेला. पुढच्या आठवड्यात तिचे वडील दाखला न्यायला आले तेव्हा मी वर सातवीच्या तासावर होते. खाली गेले तोवर ते निघून गेले होते.

१२ मार्चला बॉम्बस्फोट झाले. माहीमच्या मच्छिमार कॉलनीवर हातबॉम्ब टाकले. मामांच्या वस्तीपासून ते लांब नव्हतं. आता मामाही बदलतील असं मला वाटलं होतं, आणि बदलले असते तर त्यांना बोल लावायची माझी टाप नव्हती. ते काही दिवस गप्प होते. मग एप्रिलमध्ये, मी निकालाचे कागद लावत बसले होते, तर मामा घंटा देऊन आले आणि विचारलं, बाई, त्या पोरीची नववी झाली असेल का हो तिकडे?

मामांकडे सलोख्याचा काही विचार होता असं नाही. ते कट्टर गणेशभक्त, दर्ग्याला कधी हात जोडले असतील तर रस्त्यावरूनच. पण त्यांच्या घरची उधारी त्या गल्लीत होती. ज्यांच्याकडून आपले पैसे यायचे आहेत, ज्यांच्या घरच्या सुनेला कोणता मासा आवडतो हे आपल्या बायकोला माहीत आहे, त्या घरी दंगलीनंतर जाणं त्यांना अवघड वाटलं नाही. माझ्याजवळ विचार होते आणि उधारी नव्हती.

मराठीची शिक्षिका म्हणून सांगते, आपल्या भाषेत ‘शेजारधर्म’ असा एक शब्द आहे. त्यात धर्म आहे, पण देव नाही. वाटीभर साखर, आजारपणात डबा, किल्ली ठेवायला देणं, एवढंच त्याचं कर्मकांड. सर्वधर्मसमभाव हा शब्द मी चौतीस वर्षं शिकवला आणि मुलांनी चौतीस वर्षं तो पेपरात बिनचूक लिहिला. सगळे धर्म एकच सांगतात, हेही मी वर्गात सांगितलं आहे. ते खरं नाही आणि मुलांना ते कळत असतं. सगळे धर्म एकच सांगत नाहीत. आमच्या शाळेत वसईच्या एक ख्रिस्ती बाई होत्या, माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला सत्यनारायणाचा प्रसाद चालत नसे. ती सरळ सांगायची, मी नाही घेणार, रागावू नकोस. मला तिच्या केकमधलं अंडं चालत नसे. पंचवीस वर्षं ती नाताळला माझ्यासाठी वेगळा, बिनअंड्याचा केक करून आणत होती. तो केक फार काही चांगला व्हायचा नाही, मध्येच बसायचा. पण मला काय चालत नाही हे तिला ठाऊक होतं आणि तिला काय चालत नाही हे मला. दोघींनी एकमेकींच्या देवांना नमस्कार केले असते तरी याहून जास्त काय झालं असतं?

हे दोन मैत्रिणींपुरतंच होतं असंही नाही. भिवंडीचं उदाहरण आहे. १९७० आणि १९८४ साली भिवंडीत भयानक दंगली झाल्या. मग सुरेश खोपडे नावाचे पोलिस उपायुक्त तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. प्रत्येक वस्तीतले दोन्हीकडचे लोक आणि त्या भागाचा पोलिस एकत्र बसणार आणि बोलणार काय, तर नळ, गटार, पोरांची मारामारी, मिरवणूक कुठून जाणार. एकात्मतेवर भाषण नाही. १९९२-९३ मध्ये शेजारी मुंबई जळत होती तेव्हा जिच्याबद्दल सगळ्यांना धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही अशा समित्या निघाल्या. यावर आपल्याकडे केवढी पुस्तकं, केवढे धडे व्हायला हवे होते! पण गटाराच्या बैठकीचा व्हिडिओ करून मागे बासरी लावता येत नाही ना.

आता माहीमलाच काय चाललं आहे ते पाहा. २०२३ च्या जानेवारीत सेंट मायकलच्या दफनभूमीतले क्रॉस एकानं तोडले. माणूस पकडला गेला, तो माहीमचा नव्हता, नवी मुंबईकडून आलेला. त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या सभेत एक चित्रफीत दाखवली गेली की दर्ग्याजवळ समुद्रात एक अनधिकृत बांधकाम होतंय. दुसऱ्या दिवशी ते पाडलं. पाडलं ते ठीकच केलं. सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ द्यायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच सांगितलेलं आहे, ते कुठल्याही देवाचं असो. मला खटकलं ते नंतरचं. आमच्या ग्रुपवर जे फिरलं त्यात सहाशे वर्षांचा मूळ दर्गाच बेकायदा असल्यासारखं लिहिलं होतं, आणि ज्यांनी ते पाठवलं त्यांतले दोघे जण माझ्याबरोबर त्या जत्रेत पाळण्यात बसलेले आहेत. मी तसं तिथे लिहिलं. कुणी उत्तर दिलं नाही. मग एका भाचीनं गुलाबाचं फूल टाकलं.

भोंग्यांचं तर विचारूच नका. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की ध्वनिवर्धक हा कुठल्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. त्यानंतर मुंबईतल्या काही मशिदींनी अजान मोबाईलच्या ॲपवर ऐकवायला सुरुवात केली, हे मला फार आवडलं. आमच्या इथे गणपतीत मी मंडळाच्या मुलांना आवाज कमी करा म्हणून सांगायला गेले. मुलं गुणी आहेत, त्यातल्या एकाला मी चौथीत शुद्धलेखन घातलेलं आहे. तो म्हणाला, आजी, आधी त्यांना सांगा. मी म्हटलं, अरे, त्यांना सांगायला मी ओळखते कुठे त्यांना? तुला ओळखते म्हणून तुला सांगते. तो हसला. आवाज थोडा कमी झाला, दहा मिनिटं.

पण ते वाक्य माझंच मला लागलं. त्यांना मी ओळखते कुठे? ज्या मशिदीचा आवाज आमच्या गॅलरीत येतो ती चालत सात-आठ मिनिटांवर आहे, आणि ठाण्यात इतकी वर्षं काढून तिथला एकही माणूस मी नावानं ओळखत नाही. म्हणजे १९९३ नंतर मी काय शिकले? म्हणून ऑपरेशनच्या आधी एक केलं. त्या बाजूला एक शिंपी आहे, त्याच्याकडे ब्लाऊज शिवायला टाकायला लागले. पहिला बिघडवला त्यानं. बाह्या घट्ट. परत जाऊन भांडले. दुसरा बरा झाला. आता त्याच्या मुलीचं दहावीचं मराठी कच्चं आहे असं तो सांगत होता, तिला रविवारी पाठव म्हटलंय. दोनदा येऊन गेली. व्याकरण बरं आहे, निबंधात मात्र सगळं गाईडमधलं लिहिते. अजून तिसऱ्यांदा आलेली नाही.

ती माहीमची मुलगी आज पन्नाशीच्या आसपास असेल. मुंब्र्यालाच असेल की आणखी कुठे, मला माहीत नाही. शोधायचा प्रयत्न केला का, असं नातवानं विचारलं. त्यानं फेसबुकवर शोधून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. सापडली तर तिच्यापुढे मी काय ठेवणार, माफी? तिला कदाचित माझं नावही आठवत नसेल, आणि आठवत असेल तर ते जास्त वाईट.

काल दुपारी वहिनींचा आणखी एक व्हिडिओ आला. सकाळच्या जातीचा होता की दुपारच्या, ते मी उघडून पाहिलंच नाही. त्यांना फोन केला. म्हटलं, वहिनी, पुढच्या बुधवारी माहीमला येता का माझ्याबरोबर? चर्चमध्ये जाऊ, मग दर्ग्याच्या गल्लीत जरा चक्कर मारू, मला ती आतून बघायची आहे. मामा तर केव्हाच गेले, पण त्यांची सून त्या बाजूला मासळी घेऊन बसते असं ऐकलंय. वहिनी म्हणाल्या, अहो, माझे गुडघे! मी म्हटलं, दादरहून टॅक्सी करू, आणि तुमच्यासाठी मेणाचे गुडघे घेऊ. हसल्या. बघू म्हणाल्या.